घाटरस्त्याचा अर्ज

मराठी घेऊन बी. ए. झाल्याचा शाळेबाहेर कुणाला काही उपयोग झाला असेल, तर तो अर्ज लिहून घेण्यापुरता. कर्जतमध्ये पन्नास वर्षे काढली, त्यातली पस्तीस शाळेत गेली. या काळात वारसनोंदीसाठी, रेशनकार्डासाठी, एस.टी.चा थांबा मिळावा म्हणून, विहिरीतला गाळ काढावा म्हणून असे किती अर्ज लिहिले त्याची मोजदाद नाही. लोक कोरा कागद घेऊन यायचे आणि म्हणायचे, "बाई, तुमच्या भाषेत लिहा." माझ्या भाषेत म्हणजे जड शब्दांत. जड शब्दांनी साहेब हलतो अशी त्यांची समजूत होती, आणि खरे सांगायचे तर माझीही.

१९९४ साली असाच एक अर्ज लिहिला होता, खांडसहून भीमाशंकरपर्यंत घाटरस्ता व्हावा म्हणून. त्या अर्जाबद्दल आज लिहायला बसले आहे. पण आधी २०२३ च्या नाताळच्या सुट्टीतली एका दिवसाची सहल सांगते, कारण त्या सहलीत तो अर्ज मला पुन्हा आठवला. आठवला कसला, टोचला.

ज्यांना आमचा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडा भूगोल. कर्जतहून कशेळ्यावरून खांडसला गेले की समोर सह्याद्रीची भिंत उभी राहते. भिंतीच्या माथ्यावर रायगड संपतो आणि पुणे जिल्हा सुरू होतो, आणि त्या माथ्यालगतच भीमाशंकर आहे. सरळ रेषेत पाहिले तर खांडसपासून सहा-सात किलोमीटर. पायी चढायला दोन वाटा. एक गणेश घाटाची, लांबची पण सोपी. दुसरी शिडी घाटाची, जवळची पण छाती दडपवणारी, लोखंडी शिड्यांवरून जाणारी. गाडीने जायचे असेल तर मात्र खोपोली, लोणावळा, तळेगाव, चाकण, राजगुरुनगर असा वळसा घालायचा. दीडशे किलोमीटरच्या वर होतात. समोरच्या ओसरीवर जायला गावाला प्रदक्षिणा घालावी तसा हा प्रकार.

माझा ठाण्याचा नातू नववीत होता. शाळेने प्रकल्प दिला होता, 'एका नॅशनल पार्कला भेट'. आल्या आल्या म्हणाला, "आजी, भीमाशंकर नॅशनल पार्कला जाऊ या." बाईंची सवय जात नाही. मी त्याला तिथल्या तिथे दुरुस्त केले. भीमाशंकर हे राष्ट्रीय उद्यान नाही, अभयारण्य आहे. १९८५ मध्ये जाहीर झाले, क्षेत्र सुमारे १३१ चौरस किलोमीटर. महाराष्ट्रात राष्ट्रीय उद्याने सहाच आहेत आणि खऱ्या सह्याद्रीच्या रांगेतले म्हणावे असे एक चांदोलीच. (बोरिवलीचे आहे, पण ते मुंबईकरांच्या अंगणात.) हा नुसता शब्दांचा खेळ नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे राष्ट्रीय उद्यानात माणसाचे हक्क जवळजवळ संपतात, गुरे चारणेसुद्धा बंद होते. अभयारण्यात काही हक्क राहू शकतात. म्हणून तर भीमाशंकरच्या जंगलात अजून गावे आहेत, महादेव कोळी हिरडा गोळा करून वाळवतात, देवराया राखतात. नातवाने वहीत लिहिले, "राष्ट्रीय उद्यान नव्हे." मग विचारले, "म्हणजे दुय्यम का?" मी म्हटले, दुय्यम नाही, माणसासकट.

आणखी एक गोष्ट आमच्या कर्जतमधल्या कितीतरी जणांना ठाऊक नसते. या अभयारण्याचा काही भाग आपल्या कर्जत तालुक्यातही येतो, काही ठाण्याच्या मुरबाडमध्ये. म्हणजे सीमेपलीकडे म्हणून जे आपण बघायला जातो, त्याचा पायथा आपल्याच दारात आहे.

गाडी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची. खांडसच्या वर, घाटाच्या उतारावरच्या एका वाडीतला तो. वसतिगृहात राहून आमच्या शाळेत शिकला, दहावी झाला, आता व्हॅन चालवतो. बायको-पोरे खाली गावात भाड्याच्या खोलीत, म्हातारी आई वर वाडीत. १९८३ मध्ये नववीच्या मुलांची सहल घेऊन आम्ही गणेश घाटाने भीमाशंकरला गेलो होतो, तेव्हा वाट दाखवायला जो माणूस आला तो याचा बाप. एका मुलीचा पाय मुरगळला, तर त्याने तिला पाठीवर घेतले आणि पदरवाडीच्या सपाटीपर्यंत चढवले. डोंगराच्या मधल्या त्या सपाटीला 'पदर' म्हणतात हे मी त्याच्याकडूनच शिकले. बी. ए. ला हा शब्द आम्हाला साडीपुरताच भेटला होता.

पहाटे पाचला निघालो. बोरघाट चढून लोणावळा मागे टाकेपर्यंत नातू झोपून होता. चाकणला कारखान्यांच्या ट्रकांत तासभर अडकलो. राजगुरुनगर, म्हणजे जुने खेड. तिथून पुढे चासकमान धरणाचे पाणी दिसू लागले आणि जरा बरे वाटले. ही तीच भीमा, पंढरपूरला चंद्रभागा होणारी. तिच्या उगमाकडे आम्ही उलटे चाललो होतो.

शेवटच्या टप्प्यात गाड्यांची रांग लागली. नाताळची सुट्टी, त्यात जोडून शनिवार-रविवार. गाडी बरीच अलीकडे लावावी लागली. मग चालत, मग पायऱ्या उतरून. दोन्ही बाजूंना दुकाने, पेढे, प्लॅस्टिकची खेळणी, ढोकळ्यापासून मोमोपर्यंत खाणे. दर्शनाची रांग बघूनच मी हात जोडले आणि कळसाचे दर्शन घेतले. शिखर नाना फडणवीसांनी बांधवलेले, आणि अंगणातली ती मोठी घंटा चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर तिथून आणलेल्यांपैकी, असे सांगतात. नातवाला घंटेचा फोटो हवा होता. तो मिळाला, फक्त त्यात आठ-दहा अनोळखी डोकीही आली.

मी गर्दीला नाके मुरडणाऱ्यांतली नाही. श्रावणात नि महाशिवरात्रीला माणसे येणारच, ती शेकडो वर्षे येत आहेत. आणि मी स्वतः त्या दिवशी काय होते? गर्दीच. एका ज्येष्ठ नागरिकाच्या गुडघ्यांसकट आलेली एक गाडी. पण देवळामागे गुप्त भीमाशंकरच्या वाटेला लागलो आणि पंधरा मिनिटांत आवाज गळून पडले. अंजनी, जांभूळ, हिरडा, फांदीला फांदी लागलेली. खाली दुपारीसुद्धा संध्याकाळ.

तिथे शेकरू दिसले. आधी आवाज आला, खडखड केल्यासारखा. मग माझ्या विद्यार्थ्याने हात धरून थांबवले आणि वर बोट केले. तपकिरी-तांबूस अंग, फिकट पोट, अंगापेक्षा लांब शेपूट. आपल्या राज्याचा प्राणी, पण राज्यातल्या बहुतेकांनी तो पुस्तकातच पाहिलेला. एका फांदीच्या टोकावरून दुसऱ्या झाडाच्या टोकावर असे काही गेले की नातवाचा मोबाईल खिशातून निघेपर्यंत खेळ संपला होता.

"हा खाली उतरत नाही का?" नातवाने विचारले.

"सहसा नाही," विद्यार्थी म्हणाला. "त्याचं सगळं वरच. घरटीपण एक नाही, चार-पाच करतो. झाडाला झाड लागलेलं पाहिजे, मग कुठंही जाईल. मधे मोकळं झालं की संपला."

हे तो सहज बोलून गेला. थोड्याच वेळात त्याने मला घाटरस्त्याबद्दल विचारले.

कड्यावर जाऊन बसलो होतो. पश्चिमेला कोकण. डिसेंबरच्या धुरकटातून कोथळीगडाचा सुळका, पेठचा किल्ला म्हणतो तो, ओळखू येत होता. नातवाला मी नेहमीचा धडा दिला. इथे जो पाऊस पडतो, त्यातला या बाजूचा थेंब ओढ्यांतून उल्हास नदीला आणि वसईच्या खाडीला जातो, आणि त्या बाजूचा भीमेतून, कृष्णेतून बंगालच्या उपसागराला. एक हात अंतरावर पडलेले दोन थेंब दोन समुद्रांना. त्यावर त्याने विचारले, "मग पाणी कधीच बॉर्डर ओलांडत नाही?" पोरे कधी कधी बरोबर जागी बोट ठेवतात. ओलांडते ना. टाटांनी भिवपुरीचे वीजघर १९२२ मध्ये सुरू केले, त्याला पाणी येते ते घाटावरच्या आंध्रा नदीचे, ठोकरवाडीच्या धरणातून. आंध्रा मिळते इंद्रायणीला, इंद्रायणी भीमेला. म्हणजे पंढरपूरकडे निघालेले पाणी शंभर वर्षे कोकणात उतरते आहे. वीज मुंबईला जाते, आणि उरलेले पाणी पेज नदीत येते. त्या पाण्यावर राजनाल्याकाठी उन्हाळी भात होतो. खोपोलीचे वीजघर तर १९१५ चे, तिथून उतरलेल्या पाण्यावर पाताळगंगा बारमाही झाली. आणि याच कर्जत-खालापूरच्या उतारावरच्या वाड्यांत एप्रिल लागला की बाया हंडे घेऊन तासभर चालतात. पाणी डोंगर ओलांडून येते ते खाली नळीतून, वाडीच्या डोक्यावरून.

मी हे सांगत असताना विद्यार्थी कड्याच्या अगदी टोकाला जाऊन उकिडवा बसला होता. त्याने हाक मारली.

"बाई, ते बघा. ती लाल पत्र्याची तीन घरं. त्यातलं मधलं आमचं."

मला दिसले की नाही सांगता येत नाही, मोतीबिंदूचे डोळे. पण नातवाला दिसले. त्याने फोनवर अंतर काढले आणि हसायलाच लागला. पहाटे पाचपासून प्रवास करून आम्ही आमच्या गाडीवाल्याच्या घराच्या माथ्यावर येऊन बसलो होतो. खडा टाकला तर अंगणात पडेल असे वाटत होते.

विद्यार्थी हसला नाही. म्हणाला, "बाई, बापाचा तो अर्ज तुम्हीच लिहिलेला ना? घाटरस्त्याचा? पुन्हा एकदा लिहा. आता माणसंपण मागं लागलेत. मुंबईची सगळी गर्दी कर्जतवरून वर येईल. मला रोज दोन फेऱ्या मिळतील. बापाची इच्छा होती."

मी तेव्हा "बघू" म्हटले. उतरताना, येताना, रात्री दहाला घरी पोहोचेपर्यंत मी फार बोलले नाही. गुडघे दुखत होते हे कारण होतेच. पण खरे कारण हे की त्याच्या बापाची ती इच्छा नव्हती, आणि हे मला एकटीलाच माहीत होते.

१९९३ च्या पावसाळ्यात या मुलाच्या थोरल्या बहिणीला कळा सुरू झाल्या. वाडीतून झोळी करून चार माणसांनी तिला खाली आणले. ओढा भरलेला, उतरायला वाट पाहावी लागली. ती वाचली, मूल नाही. पुढच्या वर्षी तिचा बाप कोरा कागद घेऊन माझ्याकडे आला. त्याचे म्हणणे एका वाक्याचे होते. वाडीपर्यंत जीप येईल असे काहीतरी करा, ओढ्यावर मोरी टाका. बस.

मला ते फार लहान वाटले. एका वाडीसाठी कोण रस्ता देतो? मागणी मोठी पाहिजे, तिला वजन पाहिजे. मग मी माझ्या भाषेत लिहिले. ज्योतिर्लिंगाचे माहात्म्य, लाखो भाविकांची गैरसोय, पर्यटनाचा विकास, कोकण आणि देश यांना जोडणारा दुवा. 'डोंगराच्या कुशीत विकासापासून वंचित राहिलेली जनता' हे वाक्य लिहून झाल्यावर मी ते दोनदा मोठ्याने वाचले होते, इतके आवडले होते. वाडी आणि मोरी त्या अर्जात कुठेतरी तळाशी गेली. बापाला वाचता येत नव्हते. त्याने विश्वासाने अंगठा दिला. बावीस अंगठे आणि सह्या झाल्या.

त्या अर्जाचे काही झाले नाही. व्हायचेही नव्हते. अभयारण्यातून नवा रस्ता काढायचा तर त्याला राष्ट्रीय वन्यजीव मंडळापर्यंत परवानग्या लागतात, आणि तो कडा फोडायला किती पैसा लागेल हे वेगळेच. पण मोरी होऊ शकली असती. अर्धा तासाच्या चढणीचा जीपरस्ता होऊ शकला असता. कोणी मागितलाच नाही. नंतरच्या वर्षांत खालच्या गावापर्यंत डांबर आले. वाडीचा शेवटचा तुकडा २०२३ मध्येही पायवाटच होता.

म्हणून आज माझे मत स्पष्ट सांगते. भीमाशंकरवर कर्जतकडून घाटरस्ता होऊ नये. वाड्यांपर्यंत रस्ता मात्र झालाच पाहिजे. या दोन गोष्टी एकच आहेत असे दाखवून आम्ही शिकलेल्या लोकांनी पहिलीच्या नावाने दुसरीचा जीव घेतला.

पर्यावरणाचे नाव काढले की आमच्याकडे लगेच म्हणतात, "तुम्ही एसीत बसून झाडे वाचवा, आम्ही झोळीत मरतो." हे ऐकून घ्यावे लागते, कारण त्यात खोटे काही नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री आमच्या शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर डोंगर आला. २७ देह सापडले. ५७ माणसे सापडलीच नाहीत, चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. वर वाहन जाणारा रस्ता नव्हता, तास-दीड तासाची पावसातली चढण. यंत्रे नेता आली नाहीत, माणसांनी कुदळी-फावड्यांनी उकरले. मदतीला निघालेला नवी मुंबई अग्निशमन दलाचा एक अधिकारी ती चढण चढतानाच गेला. दरडीच्या धोक्याच्या यादीत या वाडीचे नावही नव्हते. आमच्या सहलीच्या वेळी वाचलेली कुटुंबे चौकजवळ कंटेनरच्या खोल्यांत राहत होती, नंतर त्यांच्यासाठी सिडकोने पक्की घरे बांधली. हे सगळे डोळ्यांपुढे असताना "रस्ता नको" असे कोण म्हणेल? मी म्हणणार नाही.

पण सीमेपलीकडे, याच भीमाशंकरच्या डोंगररांगेत, आंबेगाव तालुक्यात माळीण होते. ३० जुलै २०१४ ला सकाळी ते गाव चिखलाखाली गेले, दीडशेवर माणसे गेली. माळीणला रस्ता होता. रस्ता होता म्हणूनच नेहमीची एस.टी. तिथे गेली आणि चालकाला दिसले की गाव जागेवर नाही. बातमी त्याच्यामुळे बाहेर आली. एका बाजूला बिनरस्त्याची वाडी, दुसऱ्या बाजूला रस्त्याचे गाव. दोन्हींवर डोंगरच आला. तेव्हा रस्ता असला की माणूस वाचतो हे जेवढे खरे, तेवढेच हेही खरे की डोंगराची कूस कुठे कापायची आणि कुठे नाही, हे बघितल्याशिवाय नुसता रस्ता माणसाला वाचवत नाही. आमच्या खालापुरात एक्स्प्रेस वेवर आडोशी बोगद्याजवळ २०१५ मध्ये दरड कोसळली, तो तर देशातल्या चांगल्या रस्त्यांपैकी एक. खांडसच्या वरचा उभा कडा नागमोडी कापत तीन हजार फूट चढणारा रस्ता काढला, तर त्या कापलेल्या मातीच्या बरोबर खाली कोण राहते? लाल पत्र्याची तीन घरे. मधले त्याचे.

माधव गाडगीळ समितीने २०११ मध्ये पश्चिम घाटाचा अहवाल दिला तेव्हा आमच्याकडे त्याच्यावर फार आरडाओरड झाली, बहुतेकांनी न वाचताच केली. मीही तेव्हा वाचला नव्हता. नंतर कळले की हेच गाडगीळ आणि वा. द. वर्तक सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया हिंडून त्यांच्याबद्दल लिहीत होते, आणि अहवालात ग्रामसभेला विचारा, वरून लादू नका, असे पुन्हा पुन्हा सांगितलेले आहे. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातली ३९ ठिकाणे जागतिक वारसा म्हणून घेतली. महाराष्ट्रातली त्यात चार. कास, कोयना, चांदोली, राधानगरी. भीमाशंकर नाही. त्यामुळे त्याची राखण करायला जगातले कोणी येणार नाही, ती इथल्याच लोकांनी करायची.

आता विद्यार्थ्याच्या दोन फेऱ्यांबद्दल. पोटाचा प्रश्न आहे, त्याला हसण्यासारखे काही नाही. पण मी खालापुरात काही वर्षे नोकरी केली आहे. २००२ मध्ये एक्स्प्रेस वे पूर्ण झाला आणि जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरच्या कितीतरी वडापावच्या, उसाच्या रसाच्या टपऱ्या ओस पडल्या. माझ्या वर्गातल्या दोन मुलांच्या घरच्या त्यात होत्या. वेगाचा रस्ता गावात थांबत नाही, गावावरून जातो. आज जे ट्रेकर नि श्रावणातले पायी जाणारे भाविक येतात, ते खांडसला गाडी लावतात, चहा-पोहे घेतात, भाकरी सांगून ठेवतात, वाटाड्या घेतात. उद्या घाटरस्ता झाला तर हीच माणसे काचा वर करून थेट वर जातील. मुंबईहून स्वतःच्या गाडीने येणारा माणूस याची व्हॅन का घेईल?

आणि रस्त्याच्या मागोमाग फलक येतात. कर्जतकरांना सांगायला नको. 'निसर्गाच्या सान्निध्यात फार्महाऊस प्लॉट.' जमीन विकून आलेल्या पैशांत मोटारसायकल आणि एक लग्न होते, आणि पुढच्या वर्षी तोच माणूस त्याच जमिनीवर निळ्या गणवेशात फाटकाशी उभा असतो. माझे असे तीन विद्यार्थी आहेत. मला बघून फाटक उघडायला धावतात, आणि मला मान वर करवत नाही.

हे सगळे मी त्याला सांगितले. जानेवारीत तो कोरा कागद घेऊन आला तेव्हा. आधी १९९३-९४ चे सांगितले, त्याचा बाप काय मागायला आला होता आणि मी काय लिहिले ते. तीस वर्षांनी सांगत होते. तो बराच वेळ चहाच्या कपाकडे बघत बसला. मला वाटले होते, चिडेल. चिडला नाही.

"मोरी मागितली होती?" एवढेच म्हणाला.

मग मी शेकरूचे काढले. म्हटले, तूच सांगितलेस ना, मधे मोकळे झाले की संपला. रस्ता म्हणजे तेच. त्यावर त्याने मान वर केली.

"बाई, तुमच्या दारापर्यंत रस्ता आहे ना?"

माझ्या दारापर्यंत सिमेंटचा रस्ता आहे. रिक्षा थेट पायरीशी लागते. मी काही बोलले नाही. नंतर बराच विचार करून जे उत्तर सुचले ते एवढेच, की म्हणूनच आधी तुझ्या दारापर्यंतचा मागू. देवाच्या दारापर्यंतचा देवाला हवा असेल तर तो मागेल.

अर्ज लिहिला. या वेळी साधा लिहिला, एक पान. ओढ्यावर मोरी. गावापासून वाडीपर्यंत जीप जाईल एवढाच रस्ता, उतार न फोडता, जुन्या पायवाटेच्या अंगाने. पावसाळ्याचे चार महिने खालच्या गावात एक रुग्णवाहिका. वाडीच्या वरच्या उताराची भूवैज्ञानिकांकडून तपासणी, म्हणजे यादीत नाव नव्हते असे नंतर म्हणायची वेळ नको. उन्हाळ्यात टँकरची वाट न बघता एक साठवण टाकी. गणेश घाटाच्या पायवाटेची डागडुजी आणि शिडी घाटाच्या शिड्यांची देखभाल, कारण चालणारा माणूस वाडीत थांबतो. 'वंचित' हा शब्द एकदाही वापरला नाही.

त्याला वाचून दाखवायला गेले, तर म्हणाला, "द्या, मीच वाचतो." दहावीला मराठीत बेचाळीस गुण होते त्याला, मला आठवतात. एकेका ओळीवर बोट ठेवून वाचले. मग खिशातले पेन काढून खाली स्वतःच्या अक्षरात सातवी मागणी लिहिली, 'तसेच खांडस ते भीमाशंकर घाटरस्त्याचा विचार व्हावा.' 'तसेच' नंतर स्वल्पविराम द्यायला विसरला. मी तो दिला.

सह्या करायची वेळ आली तेव्हा मी सहा मागण्यांच्या खाली सही केली आणि सातवीच्या बाजूला समासात लिहिले, 'या मागणीस माझी सही नाही.' त्याने ते वाचले आणि म्हणाला, "चालेल. तुमचं तुम्ही लिहिलं, माझं मी." वाडीतल्या एकोणतीस जणांच्या सह्या झाल्या. यंदा अंगठे चारच होते. त्यातला एक त्याच्या आईचा. तिला मात्र त्याने सातही मागण्या मोठ्याने वाचून दाखवल्या, आणि मोरीची ओळ तिने दोनदा वाचायला लावली.

अर्ज २०२४ च्या जानेवारीअखेर दिला. पोच मिळाली आहे. ती त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाडीच्या कप्प्यात ठेवली आहे, लायसन्सच्या खाली.